कुत्र्याची स्वामिनिष्ठा

कुत्र्याची स्वामिनिष्ठा : पाळीव कुत्रा आपल्या मालकाशी जो दीर्घकाळ टिकणारा अनुबंध जोडतो, त्यास सामान्यतः स्वामिनिष्ठा म्हणतात. मालकाच्या सान्निध्यात राहण्याची धडपड, त्याच्या अनुपस्थितीत अस्वस्थता, तो परतल्यावर होणारा हर्ष आणि संकटप्रसंगी त्याच्याकडे घेतलेली धाव ही तिची नित्याची लक्षणे होत. मालकाचा मृत्यू झाल्यानंतरही हे वर्तन चालू राहिल्याची उदाहरणे जगाच्या अनेक भागांत नोंदली गेली असून त्यांवर स्मारके, पाठ्यपुस्तकांतील धडे, कादंबऱ्या व चित्रपट निर्माण झाले आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या मरणोत्तर निष्ठेचा विचार केला आहे. या विषयात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आढळतात : कुत्र्याचे प्रत्यक्ष वर्तन, त्या वर्तनामागील कारणे आणि माणसाने त्याला दिलेला अर्थ. या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय या निष्ठेचे खरे स्वरूप लक्षात येत नाही. त्या वेगळ्या केल्याने कुत्र्याचे मोल कमी होते, असेही नाही.

अनुबंधाची उत्पत्ती : कुत्र्याची उत्पत्ती करड्या लांडग्यांच्या आता नामशेष झालेल्या एका समूहापासून झाली असून मानवाने माणसाळविलेला तो पहिला प्राणी होय. गाय, शेळी, मेंढी इ. प्राणी शेतीच्या आरंभकाळात माणसाळले. कुत्रा मात्र त्यापूर्वीच, निदान १४ ते १५ हजार वर्षांपूर्वी, शिकारी टोळ्यांच्या सहवासात आला होता. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या सु. १४ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष, एक स्त्री व एक लहान वयाचा कुत्रा यांचे अवशेष आढळले. या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला होता आणि माणसांच्या शुश्रूषेशिवाय ते इतके दिवस जगले नसते, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. आजारी कुत्रा शिकारीच्या कामाचा नसतो. तरीही त्याची काळजी घेतली गेली व त्याला माणसांबरोबर पुरले गेले. हा संबंध केवळ उपयुक्ततेचा नव्हता व तो आरंभापासून दुतर्फी होता, असे यावरून दिसते.

लांडगा कुटुंबसमूहात राहतो, सहकार्याने शिकार करतो आणि पिल्लांचे संगोपन समूहाने करतो. समूहातील घटकांशी घट्ट बंध जोडण्याची ही क्षमता कुत्र्याकडे वारशाने आली. माणसाळण्याच्या प्रक्रियेत तिचा रोख माणसाकडे वळला. रशियन आनुवंशिकीविज्ञ दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ मध्ये सायबीरियात रुपेरी कोल्ह्यांवर दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. प्रत्येक पिढीतील कमीत कमी बुजऱ्या प्राण्यांचीच पैदास करीत गेल्यास थोड्याच पिढ्यांत माणसाला पाहून शेपूट हलविणारे व त्याचा सहवास शोधणारे कोल्हे निपजतात, असे त्यांत आढळून आले. म्हणजेच माणसाविषयीची ओढ ही निवडीने वाढविता येण्याजोगी प्रवृत्ती आहे. तथापि आनुवंशिक प्रवृत्ती एकटी पुरेशी नसते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार पिल्लाच्या वयाच्या सु. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीच्या दृष्टीने विशेष संवेदनक्षम असतो. या काळात माणसाचा सहवास मुळीच न मिळालेले पिल्लू पुढे माणसाला बुजते.

शारीरिक व मानसिक आधार : कुत्र्याची मालकाविषयीची ओढ ही केवळ अन्नाची अपेक्षा नव्हे, हे प्रयोगांनी दाखविता आले आहे. तान्ह्या मुलाचा आईशी असलेला अनुबंध तपासण्यासाठी मानसशास्त्रात एक कसोटी वापरतात. तीत मुलाला अनोळखी खोलीत काही काळ आईसह, काही काळ परक्या व्यक्तीसह व काही काळ एकटे ठेवून त्याच्या वर्तनाची नोंद करतात. बूडापेस्ट येथील योझेफ तोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी कुत्रा व मालक यांना लावली (१९९८). मालक जवळ असता कुत्रे निर्धास्तपणे खोली हुंगत व खेळत. तो बाहेर गेला की दाराशी उभे राहत आणि परतल्यावर परक्यापेक्षा त्याचे स्वागत अधिक उत्कटतेने करीत. मूल ज्याप्रमाणे आईला सुरक्षिततेचा आधार मानते, त्याप्रमाणे कुत्रा मालकाला मानतो, असा याचा अर्थ होतो.

जपानमधील मिहो नागासावा व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखविले, की कुत्रा व मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते. माता व अर्भक यांच्या जिव्हाळ्यात याच हॉर्मोनाचा वाटा असतो. माणसाने वाढविलेल्या लांडग्यांत हा परिणाम आढळला नाही. अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांनी जागृतावस्थेतील कुत्र्यांना स्थिर बसण्याचे शिक्षण देऊन चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने त्यांच्या मेंदूच्या क्रियेचे चित्रण केले. परिचित माणूस समोर नसताना नुसता त्याचा गंध दिला, तरी सुखद अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भाग उद्दीपित होतो आणि तो इतर गंधांच्या मानाने अधिक उद्दीपित होतो, असे त्यांत दिसले. मालकाच्या मृत्यूनंतर कुत्रा त्याच्या अंथरुणावर, कपड्यांवर वा खुर्चीखाली का पडून राहतो, याचा उलगडा यावरून काही अंशी होतो. कुत्र्याचे जग प्रामुख्याने गंधाचे असते आणि माणूस गेल्यावरही त्याचा गंध घरात बराच काळ राहतो.

कुत्र्याच्या स्मृतीविषयी चार्ल्स डार्विन यांनी स्वतःचा अनुभव १८७१ मध्ये नमूद केला आहे. बीगल जहाजावरील सफरीमुळे पाच वर्षे व दोन दिवस दूर राहिल्यानंतर त्यांनी आपल्या कुत्र्याला पूर्वीच्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने हर्ष दाखविला नाही. परंतु जणू अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाली असावी, अशा सहजतेने तो त्यांच्याबरोबर फिरावयास निघाला. स्मृती टिकून राहणे व भावना प्रकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या साध्या निरीक्षणातून ध्यानात येते.

हाचिको : मरणोत्तर निष्ठेच्या उदाहरणांपैकी सर्वांत प्रसिद्ध आणि कागदोपत्री सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण हाचिको या जपानी कुत्र्याचे होय. तो आकिता जातीचा असून त्याचा जन्म १० नोव्हेंबर १९२३ रोजी आकिता प्रांतातील ओदाते गावाजवळ झाला. टोकिओ इंपीरियल विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो (१८७२–१९२५) यांनी जानेवारी १९२४ मध्ये त्याला आणविले. उएनो यांचे घर टोकिओच्या शिबुया भागात होते. ते आगगाडीने जात, तेव्हा कुत्रा त्यांच्याबरोबर शिबुया स्थानकापर्यंत जाई व परतीच्या वेळी त्यांना घेण्यास येई. २१ मे १९२५ रोजी विद्यापीठात असतानाच मेंदूतील रक्तस्रावाने उएनो यांचे आकस्मिक निधन झाले. मालकाचा सहवास हाचिकोला जेमतेम सोळा महिने लाभला होता.

यानंतर त्याला निरनिराळ्या घरी ठेवण्यात आले. अखेर उएनो यांच्या माळ्याने त्याचा सांभाळ केला. त्याचे घर शिबुयापासून फार दूर नव्हते. तेथे राहू लागल्यावर हाचिको परतीच्या गाड्यांच्या वेळी स्थानकावर नियमाने दिसू लागला. प्रारंभी त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही; स्थानकावरील नोकर व मुले त्याला हुसकावीत व त्रासही देत. जपानी कुत्र्यांच्या जातींचे अभ्यासक साइतो हिरोकिचि यांनी त्याची हकीकत लिहिली व ती ऑक्टोबर १९३२ मध्ये असाही शिंबुन या दैनिकात आली, तेव्हा परिस्थिती एकदम पालटली. लोक त्याला खाऊ घालू लागले. शिल्पकार आंदो तेरु यांनी घडविलेला त्याचा कांस्य पुतळा एप्रिल १९३४ मध्ये स्थानकासमोर बसविला गेला, त्या समारंभास हाचिको स्वतः हजर होता. ८ मार्च १९३५ रोजी शिबुयाजवळील एका रस्त्यावर तो मृतावस्थेत आढळला. मालकाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षे व सु. साडेनऊ महिने लोटले होते.

शवविच्छेदनात त्याच्या हृदयात फायलेरिया कृमी आणि जठरात मांस भाजण्याच्या बांबूच्या काड्या आढळल्या. जतन केलेल्या अवयवांची टोकिओ विद्यापीठात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हृदय व फुप्फुसे यांत कर्करोगही असल्याचे २०११ मध्ये जाहीर करण्यात आले. पेंढा भरलेली त्याची प्रतिकृती टोकिओतील राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात आहे. मूळ पुतळा दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे वितळविण्यात आला. मूळ शिल्पकाराचे पुत्र आंदो ताकेशि यांनी घडविलेला नवा पुतळा १९४८ मध्ये बसविला गेला. २०१५ मध्ये, हाचिकोच्या मृत्यूला ८० वर्षे झाल्याच्या दिवशी, टोकिओ विद्यापीठाच्या कृषिविद्याशाखेच्या आवारात उएनो व हाचिको यांच्या पुनर्भेटीचे शिल्प उभारण्यात आले.

हाचिकोच्या कथेला तत्कालीन राजकारणाचाही स्पर्श झाला. १९३० नंतरच्या जपानमध्ये सम्राटावरील निष्ठेचा उद्‌घोष वाढत होता. अशा वेळी कृतज्ञतेचा आदर्श म्हणून हाचिकोचा धडा शालेय नीतिपाठांच्या पुस्तकात घालण्यात आला. निष्ठेचे प्रतीक म्हणून ज्याचा पुतळा उभारला, त्याच पुतळ्याचा धातू पुढे युद्धासाठी घेण्यात आला. हाचिकोच्या वर्तनाशी या घटनांचा काहीही संबंध नव्हता. परंतु माणूस प्राण्याच्या निष्ठेचा अर्थ स्वतःच्या गरजेप्रमाणे लावतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

इतर नोंदलेली उदाहरणे : स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे ग्रेफ्रायर्स चर्चच्या दफनभूमीत बॉबी नावाचा लहान टेरियर कुत्रा अनेक वर्षे राहत होता. १८५८ मध्ये मरण पावलेल्या जॉन ग्रे या पोलिसाच्या थडग्याची तो राखण करतो, अशी त्याची ख्याती होती. १८६७ मध्ये कुत्र्यांच्या परवान्याचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनी त्याचे शुल्क स्वतः भरले व त्याला पट्टा दिला. बॉबी १८७२ मध्ये मरण पावला. पुढील वर्षी त्याचा पुतळा उभारण्यात आला. यान बोंडेसन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या कथेची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते तो दफनभूमीत आश्रयास आलेला भटका कुत्रा असावा, जवळच्या खानावळीतून त्याला अन्न मिळत असावे आणि वेगवेगळ्या काळी बॉबी म्हणून ओळखले गेलेले कुत्रे दोन असावेत.

इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेस लूको दी मूजेल्लो या गावी फीदो हा कुत्रा आपल्या मालकाला घेण्यासाठी रोज सायंकाळी बसथांब्यावर जात असे. ३० डिसेंबर १९४३ रोजी बोर्गो सान लोरेंत्सोवरील बाँबवर्षावात मालक ठार झाला. त्यानंतर १९५८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ, फीदोचा तो क्रम चुकला नाही. त्याच्या हयातीतच, १९५७ मध्ये, त्याचा पुतळा उभारला गेला. अमेरिकेच्या माँटॅना राज्यातील फोर्ट बेंटन येथे १९३६ मध्ये एका मेंढपाळाची शवपेटी आगगाडीत चढविण्यात आली. शेप नावाने पुढे ओळखला गेलेला त्याचा कुत्रा त्यानंतर साडेपाच वर्षे स्थानकात येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांकडे पाहत राहिला. १२ जानेवारी १९४२ रोजी गाडी जवळ आली असता निसरड्या रुळांवरून घसरून तो तिच्याखाली सापडला.

प्रतीक्षा व मृत्यूची जाणीव : वरील उदाहरणांतील कुत्र्यांना मालक मेल्याचे कळले होते काय, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. मृत्यूच्या कल्पनेत मेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराच्या सर्व क्रिया कायमच्या थांबतात आणि सर्व जिवांना मरण आहे, या गोष्टी अंतर्भूत असतात. माणसाच्या मुलालाही त्या क्रमाक्रमानेच उमगतात. कुत्र्याला त्या उमगतात, असे मानण्यास आधार नाही. उलट हाचिको, फीदो व शेप यांचे वर्तन नीट पाहिले, तर ते मालक ज्या ठिकाणी पुरला होता तेथे गेले नाहीत. तो ज्या ठिकाणी परत येत असे वा जेथून तो दिसेनासा झाला, तेथे गेले. परत येणार नाही असे ज्याला कळले आहे, तो वाट पाहत नाही. तेव्हा ही दीर्घ प्रतीक्षा मृत्यूच्या ज्ञानाची खूण नसून त्या ज्ञानाच्या अभावाची खूण ठरते. माणसाला ती हृदयद्रावक वाटते, याचे कारणही हेच आहे : कुत्र्याला ठाऊक नसलेली गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक असते.

इंग्रज मानसशास्त्रज्ञ सी. लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्राण्याच्या वर्तनाचा उलगडा साध्या मानसिक प्रक्रियेने होत असेल, तर तेथे उच्चतर प्रक्रिया कल्पू नये. तो नियम येथे लावल्यास प्रतीक्षेची काही साधी स्पष्टीकरणे संभवतात. पहिले स्पष्टीकरण सवयीचे आहे. ठरावीक वेळ, गाडीचा आवाज व मालकाचे आगमन यांची सांगड अभिसंधानाने पक्की झालेली असते. दुसरे प्रबलनाचे आहे. जी कृती दर वेळी फळते, ती फळ मिळेनासे होताच लवकर सुटते. परंतु जी कधी फळते व कधी फळत नाही, ती चिवटपणे टिकून राहते. उएनो दररोज आगगाडीने जात नसत व नेहमी ठरल्या वेळी परतत नसत. त्यामुळे ‘आज आले नाहीत’ एवढ्या अनुभवाने हाचिकोची अपेक्षा संपण्याचे कारण नव्हते. तिसरे स्पष्टीकरण अन्नाचे आहे. स्थानकाजवळच्या दुकानांतून हाचिकोला खाणे मिळे, याची साक्ष त्याच्या जठरातील बांबूच्या काड्या देतात. परंतु केवळ अन्नाने सर्व उलगडा होत नाही. कारण कौतुक सुरू होण्यापूर्वी, मार खावा लागत असतानाही तो तेथे येत होता आणि माळ्याच्या घरी त्याला अन्न मिळतच होते. अनुबंध, सवय, अपेक्षा व अन्न या चारही गोष्टींचा वाटा त्याच्या प्रतीक्षेत होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कुत्र्याला वियोगाचे दुःख होते, हे मात्र मृत्यूच्या कल्पनेवर अवलंबून नाही. घरातील दोन कुत्र्यांपैकी एक मेल्यानंतर दुसऱ्याच्या वर्तनाविषयी इटलीतील ४२६ मालकांकडून मिळालेल्या माहितीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८६ टक्के मालकांनी उरलेल्या कुत्र्यात प्रतिकूल बदल जाणवल्याचे सांगितले. खेळणे कमी होणे, मंदपणा, जादा झोप, भूक मंदावणे, भित्रेपणा व माणसाचे लक्ष वेधून घेण्याची धडपड हे त्यांतील प्रमुख बदल होत. ही माहिती मालकांच्या निरीक्षणावर आधारलेली असून स्वतः शोकात असलेला माणूस कुत्र्यातही शोक पाहण्याचा संभव असतो, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

निष्ठेच्या कथांत सहसा न येणारी एक गोष्टही येथे नमूद करणे अवश्य आहे. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचा घरात मृत्यू होऊन तो काही काळ उघडकीस आला नाही, तर तिच्या पाळीव कुत्र्याने प्रेतास दातांनी इजा केल्याची उदाहरणे न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आहेत. त्यांपैकी काहींत कुत्र्याजवळ त्याचे अन्नही शिल्लक होते. निश्चेष्ट पडलेल्या मालकाला चाटून, ढोसून व चावून उठविण्याच्या गोंधळलेल्या प्रयत्नांतून याची सुरुवात होत असावी, असे काही तज्ञांचे मत आहे. यास कृतघ्नता म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रतीक्षेला पातिव्रत्यासारखे व्रत मानणे चुकीचे होय. दोन्ही ठिकाणी मानवी नीतीची मापे कुत्र्याला लावली जातात.

आख्यायिका व स्मारके : मृत स्वामीसाठी प्राण देणाऱ्या कुत्र्याच्या कथा प्राचीन आहेत. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या आठव्या खंडात अशा अनेक कथा एकत्र केल्या आहेत. इ. स. २८ मध्ये टिशियस सबायनस व त्याचे गुलाम यांना रोममध्ये देहान्त शासन झाले. त्या वेळी एका कुत्र्याने प्रेत सोडले नाही, त्याला दिलेले अन्न त्याने मृताच्या तोंडाशी नेले आणि प्रेत टायबर नदीत टाकल्यावर ते तरते ठेवण्याची धडपड केली, असे प्लिनी सांगतो. लायसिमाकस राजाच्या चितेत त्याच्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथाही त्याच ठिकाणी आहे.

महाराष्ट्रात याच स्वरूपाची कथा छत्रपती शिवाजी महाराजांच्या संदर्भात सांगितली जाते. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाघ्या नावाच्या कुत्र्याने चितेत उडी घेतली, अशी ही आख्यायिका आहे. महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक १९३६ मध्ये उभारण्यात आले व त्यासाठी इंदूरच्या होळकरांनी देणगी दिली. समकालीन कागदपत्रांत या घटनेचा आधार सापडत नाही. या कारणावरून स्मारकासंबंधी वाद झाला. २०११ मध्ये काही आंदोलकांनी पुतळा जागेवरून काढला व नंतर तो पुन्हा बसविण्यात आला. तो हटविण्याची मागणी २०२५ मध्ये पुन्हा झाली आणि तिला विरोधही झाला. चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याचे कथाबीज प्लिनीइतके जुने असल्यामुळे केवळ कथेच्या प्रचारावरून घटना सिद्ध होत नाही. तथापि लोकमानसात ही कथा रुजण्यास येथील परंपराही अनुकूल होती. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला स्थान असून त्याचे वाघ्ये नावाचे उपासक स्वतःला देवाचे कुत्रे समजतात. दत्तमूर्तीच्या पायांशीही कुत्रे असतात. भक्ताच्या अनन्यतेला कुत्र्याची उपमा ही महाराष्ट्राला परकी नाही.

माणसाने कुत्र्यासाठी उभारलेल्या स्मारकांत कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील वीरगळाचे स्थान महत्त्वाचे आहे. इ. स. ९४९–५० च्या सुमाराच्या या शिलालेखानुसार गंग राजा बूतुग याने आपला पराक्रमी सेवक मणलेर यास वर मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना ती व डुक्कर दोघेही ठार झाले. तिच्या स्मरणार्थ मंदिरासमोर शिळा उभारून जमीन दान देण्यात आली आणि शिळेची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने अन्नग्रहण करू नये, असा दंडक घालण्यात आला. येथे निष्ठा राखण्याची पाळी मालकावर आली होती.

स्वामिवियोगानंतरचा सांभाळ : निष्ठेच्या कथांनी निर्माण केलेला एक समज व्यवहारात घातक ठरतो. तो म्हणजे कुत्रा एकाच मालकाचा असतो व त्याच्या मागे तो दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नाही. या समजुतीमुळे वृद्ध मालकाच्या निधनानंतर कुत्र्याला सांभाळण्यास कोणी पुढे होत नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. मार्ता गाची व सहकाऱ्यांनी हंगेरीतील निवारागृहांतील प्रौढ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत (२००१) एका अनोळखी व्यक्तीने दहा-दहा मिनिटे असा केवळ तीनदा सहवास दिल्यावर तिच्याविषयी अनुबंधाची लक्षणे दिसू लागली. म्हणजे आयुष्यभर वाट पाहणारा कुत्रा हा अपवाद असून नवे माणूस जोडणे हा नियम आहे. पूर्वीच्या मालकाचा विसर पडणे, असा याचा अर्थ नव्हे. डार्विन यांच्या कुत्र्याचे उदाहरण येथे लक्षात घ्यावे.

मालकाच्या मृत्यूनंतर कुत्र्याच्या खाण्याच्या, फिरण्याच्या व झोपण्याच्या वेळा शक्य तो पूर्वीच्याच ठेवाव्यात. त्याचा सांभाळ अनेकांनी आळीपाळीने न करता एका व्यक्तीने प्रामुख्याने करावा. मृत मालकाचे एखादे वस्त्र वा अंथरूण काही दिवस त्याच्याजवळ राहू द्यावे. तो रोजच्या ठिकाणी जाऊन बसत असेल, तर त्याला मारून हुसकावू नये. त्या वेळी त्याला दुसरीकडे फिरावयास न्यावे. अन्न वर्ज्य करणे हे शोकाप्रमाणेच रोगाचेही लक्षण असू शकते, म्हणून दोन दिवसांत फरक न पडल्यास पशुवैद्यास दाखवावे. हाचिकोच्या अखेरच्या काळातील क्षीणता लोकांना निष्ठेची पराकाष्ठा वाटत होती. प्रत्यक्षात तो गंभीर रोगाने ग्रस्त होता.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये ताब्यातील प्राण्याची योग्य काळजी घेणे हे तो बाळगणाऱ्याचे कर्तव्य असून भुकेने वा तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. कुत्र्याला कायद्याने वारसा मिळत नाही. म्हणून उतारवयात कुत्रा पाळणाऱ्याने आपल्या मागे त्याला कोण सांभाळील, हे त्या व्यक्तीच्या संमतीने हयातीतच ठरवावे आणि त्याच्या खर्चाची तरतूद तिच्याकडे सोपवावी.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुरापासून मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात येण्याची सूचना इंद्र युधिष्ठिराला करतो आणि आश्रयास आलेल्या भक्ताचा त्याग हे महापातक असल्याचे सांगून युधिष्ठिर ती नाकारतो. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे त्याला नंतर कळते. या कथेत कुत्र्याच्या निष्ठेची परीक्षा कोणी घेत नाही. परीक्षा माणसाची होते.